ओपल : रत्न, वदंता आणि व्यवहार

रत्नांच्या बाजारात बहुतेक खडे रंगाने ओळखले जातात. माणिक लाल, पाचू हिरवा, नीलम निळा, पुष्कराज पिवळा. रंग जितका शुद्ध आणि एकसारखा, तितकी किंमत अधिक, हा जवाहिऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. ओपल या हिशेबात बसत नाही. त्याच्या दुधी किंवा काळसर अंगात लाल, नारिंगी, हिरवे, निळे ठिपके एकाच वेळी चमकतात आणि खडा किंचित फिरवला की लालाच्या जागी हिरवा येतो, हिरव्याच्या जागी नुसता काळोख. ज्या रत्नाला स्थिर असा रंगच नाही त्याची पारख कशी करावी आणि मोल कसे ठरवावे, हा प्रश्न व्यापाऱ्यांपुढे दोन हजार वर्षे उभा आहे. या काळात ओपलचा भाव जितका त्याच्या गुणांनी ठरला, तितकाच लोकांच्या बोलण्यानेही ठरत आला.

नावापुरते तरी हे रत्न आपले आहे. लॅटिनमधील ‘ओपालस’ आणि ग्रीकमधील ‘ओपालिओस’ या शब्दांचे मूळ संस्कृत ‘उपल’ या शब्दात असावे, असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. उपल म्हणजे दगड, आणि रत्नही. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक बृहद्ग्रंथात ओपलचे वर्णन करताना माणकाची आग, अॅमेथिस्टचा जांभळेपणा आणि पाचूची हिरवाई एकाच खड्यात नांदते असे म्हटले, आणि हा माल भारतातून येतो असेही नोंदवले. प्रत्यक्षात रोमला पोहोचणारा ओपल बहुधा आजच्या स्लोव्हाकियातील डोंगरांमधून येत असावा, असा आधुनिक अभ्यासकांचा कल आहे. मालाचे मूळ ठिकाण गिऱ्हाइकाला सांगू नये, ही रीत त्या काळच्या दलालांनाही ठाऊक असावी! आणखी एक गोष्ट प्लिनीने लिहून ठेवली आहे, ती आजच्या सराफाने ध्यानात ठेवावी अशी आहे. काचेत हुबेहूब नक्कल करता येते अशा रत्नांत त्याने ओपलला पहिला मान दिला आहे.

त्याच ग्रंथात नोनियस नावाच्या सिनेटरची हकीकत येते. त्याच्या अंगठीत लहानशा सुपारीएवढा एक ओपल होता. रोमचा सत्ताधीश मार्क अँटनी याला तो हवा होता. नोनियसने तो दिला नाही. परिणामी त्याचे नाव जप्तीच्या आणि शिक्षेच्या यादीत गेले. नोनियस घरदार, जमीनजुमला सारे मागे टाकून पळाला, पण अंगठी त्याने बोटातून काढली नाही. अँटनीचा हा लोभ आणि नोनियसचा हा हट्ट, दोन्ही पाहून प्लिनी थक्क झालेला दिसतो. परिग्रह माणसाला कोठवर नेतो याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

इतक्या मोहाचे कारण ठरलेला हा पदार्थ रासायनिक दृष्ट्या अगदी सामान्य आहे. नदीकाठची वाळू, खिडकीची काच आणि ओपल या तिन्हींचा मूळ घटक एकच, सिलिका. फरक एवढाच की ओपलमध्ये सिलिकेबरोबर पाणीही असते, साधारणपणे वजनाच्या ३ ते १० टक्के, काही प्रकारांत त्याहून अधिक. हिरा, माणिक, नीलम यांच्या अणूंची जशी ठरावीक स्फटिकरचना असते, तशी ओपलला नसते. त्याला पैलू पाडण्यापेक्षा घुमटाकार घाट देण्याची प्रथा आहे. मग रंग येतात कोठून? कोणतेही रंगद्रव्य त्यात सापडेना, त्यामुळे हे कोडे शतकानुशतके सुटले नव्हते. १९६४ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेतील संशोधक जे. व्ही. सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला आणि उत्तर मिळाले. त्याच्या पोटात सिलिकेच्या अतिसूक्ष्म गोळ्या रचलेल्या असतात. प्रत्येक गोळी मिलिमीटरच्या तीन-चार हजाराव्या भागाएवढी. फळांच्या दुकानात संत्री जशी थरांवर थर लावून मांडतात, तशीच ही मांडणी. या गोळ्या एकसारख्या आकाराच्या असतील आणि रांगा शिस्तीत असतील, तर त्यांच्यामधील फटींतून जाणारा पांढरा प्रकाश विखुरतो आणि त्याचे रंग वेगळे होतात. गोळ्या लहान असल्या तर निळा-जांभळा दिसतो. त्या मोठ्या असल्या तर लालही दिसू शकतो. मोठ्या गोळ्या शिस्तीत जमण्याचा योग कमी येतो, म्हणून लाल चमक असलेला ओपल सर्वांत महाग.

हीच सिलिका, हेच पाणी, हाच डोंगर. परंतु गोळ्या लहानमोठ्या किंवा अस्ताव्यस्त पडल्या की तयार होतो तो रंगहीन, मंद ओपल. ऑस्ट्रेलियातील खाणकामगार त्याला ‘पॉच’ म्हणतात आणि ढिगाऱ्यावर फेकून देतात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांमध्ये अकीक, झिओलाइट यांच्या सोबतीला मिळणारा ओपलही याच साध्या जातीचा आहे. मोल द्रव्याला नाही, मांडणीला आहे, असे क्वचितच इतक्या स्वच्छपणे दाखवता येते.

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपला ओपल पुरवला तो मुख्यतः तेव्हाच्या हंगेरीतील, आजच्या स्लोव्हाकियातील, दुबनिक परिसराच्या खाणींनी. तेथे १७७५ साली मिळालेला ‘हार्लेक्विन’ हा ५९४ ग्रॅम वजनाचा ओपल आजही व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पाहायला मिळतो. या खाणी १९२२ साली बंद पडल्या. त्याला ऑस्ट्रेलियाची स्पर्धा कारणीभूत होती. परंतु त्याआधी ओपलवर आणखी एक संकट येऊन गेले होते आणि ते कोणत्याही खाणीतून आले नव्हते.

मध्ययुगीन युरोपात ओपलला डोळ्यांचे रत्न मानत. तो जवळ बाळगल्याने दृष्टी तेज होते, अशी समजूत होती. त्याच समजुतीला पुढे एक फाटा फुटला. धारण करणाऱ्याची नजर तीक्ष्ण होते, पण पाहणाऱ्यांची नजर बांधली जाते, म्हणून ओपल चोरांचा पाठीराखा! एकूणात मात्र हे शुभ रत्नच समजले जाई. सर्व रत्नांचे रंग ज्यात आहेत त्यात सर्व रत्नांचे गुण असणारच, असा तो साधा तर्क होता.

१८२९ साली सर वॉल्टर स्कॉट यांची ‘अॅन ऑफ गायरस्टाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात हर्मायनी नावाच्या एका गूढ स्त्रीची उपकथा आहे. तिच्या केसांत एक ओपल असतो. ती आनंदात असली की तो उजळतो, रागावली की त्यातून तांबड्या ठिणग्या उडतात. पुढे एका प्रसंगी चर्चमधील पवित्र पाण्याचे थेंब त्या ओपलवर पडतात, त्याचे तेज क्षणात मावळते, ती मूर्च्छित होते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागी फक्त मूठभर राख उरलेली असते. कादंबरी त्या काळी भरपूर वाचली गेली. त्यानंतर थोड्याच काळात युरोपात ओपलचा खप आणि भाव निम्म्याने घसरले, असे रत्नव्यापारात सांगितले जाते. निम्म्याचा आकडा कोणी हिशेबवहीतून काढून दाखवलेला नाही, तेव्हा तो सांगोवांगीचा समजावा. पण एकोणिसाव्या शतकात ओपल अशुभ आहे ही भावना बळावली, याबद्दल शंका नाही.

या भावनेला कादंबरीपेक्षा जुनी आणि अधिक व्यावहारिक अशी एक मुळी होती. ओपलची कठिणता साडेपाच ते साडेसहा. क्वार्ट्झची सात. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतातच. म्हणजे नुसत्या धुळीने पुसतानाही ओपलवर ओरखडे उमटू शकतात. त्यात पाणी असल्यामुळे एकदम तापला किंवा काही जातींत कोरडा पडत गेला की अंगावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. कोंदणात बसवताना कारागिराच्या हातून खडा फुटे आणि नुकसान त्याच्या माथी येई. अशा कारागिराच्या तोंडून ओपलबद्दल चांगला शब्द निघण्याची अपेक्षाच व्यर्थ. घरी नेलेल्या दागिन्यातील खडा महिन्याभरात तडकला, तर गिऱ्हाइकालाही त्यात अपशकुनच दिसणार.

एकदा कुप्रसिद्धी झाली की पुरावे आपोआप गोळा होतात. स्पेनचा राजा बारावा आल्फॉन्सो याच्या ओपलच्या अंगठीची गोष्ट अशीच जगभर फिरली. अंगठी राणीला दिली, ती वारली. मग नात्यातल्या ज्या ज्या व्यक्तीच्या बोटात गेली ती ती दगावली. शेवटी राजाही गेला. या गोष्टीतील दोन मृत्यू इतिहासाला माहीत आहेत. राणी मर्सेडिस लग्नानंतर पाच महिन्यांतच, जून १८७८ मध्ये विषमज्वराने गेली. राजा १८८५ साली क्षयाने गेला. औषधे नसलेल्या त्या काळात या दोन रोगांनी राजवाड्यांतली आणि झोपड्यांतली किती माणसे नेली, त्यांची गणती नाही. त्यांपैकी कितींच्या बोटात ओपल होता?

ब्रिटिश राजघराण्यात दोन्ही टोके पाहायला मिळतात. राणी व्हिक्टोरियाला ओपल मनापासून आवडत आणि तिने आपल्या मुलींनाही ओपलचे दागिने भेट दिले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात भारतीय जवाहीर पाहून प्रिन्स अल्बर्ट प्रभावित झाला आणि त्याने राणीसाठी भारतीय धर्तीच्या कमानींचा एक शिरोभूषण घडवून घेतला. १८५३ साली तयार झालेल्या या दागिन्यात हिऱ्यांच्या जोडीला ओपल होते. व्हिक्टोरियाच्या मृत्यूनंतर तिची सून राणी अलेक्झांड्रा हिने १९०२ साली ते सगळे ओपल काढून त्यांच्या जागी माणके बसवली. आजही त्यात माणकेच आहेत.

अलेक्झांड्रा ओपल काढत होती त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातून ओपलचा नवा प्रवाह सुरू झाला होता. टली वोलास्टन हा अॅडलेडचा व्यापारी १८८९ साली क्वीन्सलँडच्या ओपलची पुडकी घेऊन लंडनला गेला. हंगेरीच्या फिकट, दुधी ओपलची सवय झालेल्या जवाहिऱ्यांना त्याचा झगझगीत माल विचित्र वाटला. तरीही त्याने चिकाटी सोडली नाही आणि बाजार उभा केला. पुढे न्यू साउथ वेल्समधील लाइटनिंग रिज येथे काळ्या अंगाचा ओपल मिळू लागला. काळ्या पार्श्वभूमीवर रंग अधिक खुलतात, म्हणून आज तो सर्वांत मोलाचा. पण सुरुवातीला त्याला कोणी विचारत नव्हते. १९१५ साली विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलाला दक्षिण ऑस्ट्रेलियातील वाळवंटात ओपल सापडला आणि कूबर पेडी हे गाव वसले. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. गावाच्या नावाचा स्थानिक भाषेतील अर्थच ‘गोऱ्या माणसाचे बीळ’ असा सांगतात. विसाव्या शतकात जगातील बहुतेक उंची ओपल ऑस्ट्रेलियाने पुरवला. १९५४ साली राणी एलिझाबेथला तेथे २०३ कॅरटचा अँडामूका ओपल हारात घालून भेट देण्यात आला आणि १९९३ साली ओपलला त्या देशाचे राष्ट्रीय रत्न म्हणून मान्यता मिळाली. ज्या घराण्याने ओपल शिरोभूषणातून उतरवला, त्याच घराण्यात तो असा परत आला.

ऑक्टोबरात जन्मलेल्यांनी ओपल वापरावा, हा संकेत आता आपल्याकडेही ऐकू येतो. त्याची अधिकृत यादी कोणा ऋषीने किंवा ग्रंथाने दिलेली नाही. १९१२ साली अमेरिकेत कॅन्सस शहरी जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ती ठरवली. यादी व्यापाऱ्यांची आणि हेतूही व्यापाराचाच. आपल्या परंपरेतील नवरत्नांत ओपल नाही. शुक्रासाठी हिरा सांगितला जातो आणि ज्याला हिरा परवडत नाही त्याने ओपल घालावा, हा पर्याय अलीकडे ज्योतिषी सुचवतात. श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. पण या सल्ल्यामुळे लहान गावांतल्या पेढ्यांवरही ओपलची विचारणा वाढली आहे. मालाची विचारणा वाढली की मालासारखा दिसणारा मालही येतो.

भारतीय बाजारात आज स्वस्तात दिसणारा ओपल बराचसा इथिओपियाचा आहे. त्या देशाच्या वोलो प्रांतात, वेगेल तेना गावाजवळच्या कड्यांमध्ये, २००८ साली ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत ओपलचा मोठा साठा सापडला. कच्चा माल मोठ्या प्रमाणात जयपूरला आला. तेथील जोहरी बाजार आणि आसपासच्या वस्त्यांतील कारागिरांनी तो घडवायला सुरुवात केली. या व्यवसायात अनेक जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे वाचकांना सांगायला नको. रत्नपरीक्षेशी जैनांचे नाते त्याहूनही जुने. अल्लाउद्दीन खिलजीच्या कोषागाराशी संबंधित असलेल्या ठक्कुर फेरू या श्रावकाने १३१५ साली दिल्लीत प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ हा ग्रंथ लिहिला होता. देशातील पहिली आधुनिक रत्नपरीक्षण प्रयोगशाळाही १९७२ साली जयपूरलाच निघाली.

इथिओपियाच्या या ओपलमध्ये एक गुण आहे, तो व्यवहाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. तो पाणी शोषतो. पाण्यात बुडवला की सूक्ष्म छिद्रांत पाणी भरते, खडा काचेसारखा पारदर्शक होतो आणि अनेकदा त्याचे रंग अदृश्य होतात; सुकला की रंग परततात. स्कॉटच्या कादंबरीतील चमत्काराची ही जणू खनिजशास्त्रीय बाजू. परंतु पाणी शोषले की वजनही वाढते, काही खड्यांत दहा टक्क्यांपर्यंत आणि त्याहूनही जास्त. ओपल कॅरटवर विकला जातो. कॅरटला तीन हजार रुपये भाव असलेला वीस कॅरटचा खडा ओलसर अवस्थेत काट्यावर ठेवला आणि वजन दहा टक्क्यांनी फुगले, तर दोन कॅरट पाण्याचे सहा हजार रुपये गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात. काटा खोटा नसतो, भावही खोटा नसतो. खड्याची अवस्था काय होती, एवढेच सांगायचे राहिलेले असते.

छिद्रे असल्यामुळे हा खडा रंगही तितक्याच सहजपणे पितो. फिकट खड्याला धुरी देऊन काळा करतात, रंगाच्या द्रावणात ठेवून निळा-जांभळा करतात. ऑस्ट्रेलियातील अँडामूकाच्या सच्छिद्र ओपलवर साखरेचे पाणी आणि नंतर गंधकाम्ल वापरून तो काळा करण्याची पद्धत जुनी आहे. या प्रक्रिया केल्या म्हणून माल खोटा ठरत नाही. त्या सांगितल्या नाहीत की व्यवहार खोटा ठरतो. नैसर्गिक काळा ओपल आणि धुरी दिलेला ओपल यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

डबलेट आणि ट्रिपलेट हे आणखी दोन प्रकार. ओपलचा कागदासारखा पातळ तुकडा काळ्या दगडावर किंवा काचेवर चिकटवला की डबलेट. त्यावर क्वार्ट्झ किंवा काचेचा घुमट बसवला की ट्रिपलेट. दिसायला दोन्ही देखणे. सुटा खडा बाजूने भिंगातून पाहिला तर जोडाची सरळ रेषा दिसते, पण मागून बंद कोंदणात बसवल्यावर ती दडते. म्हणून बंद कोंदणातील ओपल महाग भावाने घेताना शंका घेणे हा उद्धटपणा नव्हे. १९७४ पासून प्रयोगशाळेत तयार केलेला ओपलही बाजारात आहे. त्याच्या रंगांचे ठिपके भिंगाखाली सरड्याच्या कातडीच्या खवल्यांसारखे आखीव दिसतात. निसर्गाची मांडणी शिस्तीची असली तरी इतकी कवायती नसते.

हिऱ्याप्रमाणे ओपलची सर्वमान्य प्रतवारी नाही. अंगाचा रंग, चमकेचा जोर, लालाचे प्रमाण, ठिपक्यांची नक्षी आणि खड्याचा घाट पाहून पारखी भाव ठरवतो, आणि दोन पारख्यांचे भाव जुळतीलच असे नाही. त्यामुळे ओपलकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. दागिन्यावरील हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो, खड्याची नाही. बँक सोनेतारण कर्ज देताना खड्यांचे वजन वजा करूनच मूल्य धरते, त्यामुळे अडीअडचणीला ओपल उपयोगी पडत नाही. राहता राहिली पावती. तिच्यावर ‘ओपल’ एवढा एकच शब्द असेल तर उद्या काहीच सिद्ध करता येणार नाही. नैसर्गिक की प्रयोगशाळेतील, अखंड की डबलेट, कोणत्या देशाचा, कोणती प्रक्रिया केलेला आणि कोरडे वजन किती, एवढे लिहून घेतले तर विकणारा आणि घेणारा दोघेही निश्चिंत राहतात. जुन्या पेढ्यांना हे लिहायला संकोच वाटत नाही. ज्या दुकानात वाटतो तेथून खडा न घेता उठावे.

घरातील ओपल सांभाळण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. तो तेलात किंवा पाण्यात ठेवावा असे सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या अखंड ओपलला त्याची गरज नसते, इथिओपियाच्या ओपलला तेल लावले तर ते आत मुरून खडा पिवळट होऊ शकतो आणि डबलेट पाण्यात राहिला तर जोड सुटतो. ध्वनिलहरींवर चालणारे दागिने धुण्याचे यंत्र कोणत्याच ओपलला चालत नाही. मऊ ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडा करावा, हिऱ्याच्या किंवा माणकाच्या दागिन्यांपासून वेगळ्या कापडी पिशवीत ठेवावा. दागिना दुरुस्तीला दिला तर डाख देण्यापूर्वी खडा उतरवून घ्यायला कारागिराला आठवणीने सांगावे. आणि भांडी घासताना किंवा आंघोळीच्या वेळी बोटात राहिलेल्या अंगठीतील ओपल अचानक काचेसारखा दिसू लागला, तर घाबरून ज्योतिषाकडे धाव घेऊ नये. बहुधा तो इथिओपियाचा असतो. उन्हात किंवा गॅसजवळ न ठेवता तो सुती कापडावर मोकळ्या हवेत ठेवून द्यावा. एक-दोन दिवसांत, कधी आठवड्याने, रंग पुन्हा दिसू लागतात.